दोन झाकणं तेल

यंदाही हॉलतिकिटं आली. लायब्ररीतले पंखे गरम हवा खाली ढकलू लागले, कूलरच्या गवताचा ओला वास गल्लीगल्लीतून यायला लागला, आणि परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये तो धूर आला.

आमच्या वर्गातल्या एका मुलानं कुठूनतरी जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मिळवली आहे. टाकीला नवा लाल रंग, आरशांना चकाकी. त्यानं किक मारली तशी सगळी पोरं भोवती जमली. "विंटेज आहे," तो म्हणाला, आणि लोक फोटो काढायला लागले. मी पुस्तकं छातीशी धरून थोडी लांब उभी होते. मला त्या धुराचा रंग बघायची सवय लागली आहे. फिकट निळा, लगेच विरणारा असेल तर ठीक. दाट, पांढुरका, मागच्या माणसाला झाकून टाकणारा असेल तर मी दोन पावलं मागं सरकते.

"तेल किती टाकतोस?" मी विचारलं.

तो हसला. "तुला काय कळतं गं यातलं?"

 मला यातलं फार कळत नाही, हे खरंच आहे. एका गाडीचं, एका एप्रिलपुरतं कळतं.

ती गाडी आमच्या घरी, गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांपुढं उभी असते. पाण्याच्या निळ्या ड्रमांच्या शेजारी. माझ्या जन्माच्या आधी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ती जुनीच विकत घेतली. तिला आमच्याकडं कोणी विंटेज म्हटलं नाही. ती नुसती गाडी होती, कारण दुसरी नव्हती. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले आणि तिच्या मागं बसून कॉलेजच्या पहिल्या दिवशी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारं आधीचं कोणी नव्हतं, म्हणून अण्णा गेटपर्यंत आले आणि गेटच्या आत यायचं की नाही ते न कळून गाडी बंद न करताच उभे राहिले. त्या दिवशीचा धूर फिकट होता. मला आठवतं, कारण मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

खरं तर कॉलेजात जाणारं आधीचं कोणी नव्हतं, असंही नाही. दादा गेला होता, माझा मोठा भाऊ अमोल. पहिलं वर्षसुद्धा त्यानं पुरं केलं नाही. अण्णांची कंपनी तेव्हा बंद पडली होती आणि दादा एका कूलर दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली कामाला लागला. पुढं अण्णांना वाळूजला वॉचमनची नोकरी लागली, पण दादा परत कॉलेजात गेला नाही. त्याला वाटलं, आपण घरासाठी सोडलं. अण्णांना वाटलं, यानं निमित्त शोधलं. त्यावरून एकदा मोठं भांडण झालं आणि मग एकदम शांत झालं. ती शांतता मला भांडणापेक्षा जास्त आठवते. दोघं एकाच ताटलीतली चटणी घ्यायचे, पण बोलायचे आईमार्फत. "त्याला म्हणावं, गेटची कडी लावत जा." "अण्णांना सांग, उद्या पाणी येणारे, ड्रम मी भरतो." आई निरोप पोचवायची नाही, कारण निरोप पोचलेलाच असायचा. ती नुसती "हं" म्हणायची.

गाडी मात्र दोघांची एकच. अण्णा पहाटे ती घेऊन वाळूजला जायचे. दुपारी आले की किल्ली फ्रिजवर ठेवायचे. थोड्या वेळानं दादा ती किल्ली उचलायचा आणि हत्यारांची पिशवी घेऊन कूलरच्या कामांवर जायचा. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात कधी गेली नाही. मध्ये नेहमी फ्रिज असायचा.

ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. या जुन्या इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही. पेट्रोलच्या टाकीतच थोडं तेल ओतायचं, ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला ओलं ठेवतं आणि जळून धूर होऊन बाहेर पडतं. तेल टाकायचं विसरलं की पिस्टन कोरडा पडतो, तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. चालत्या गाडीत इंजिन जाम होतं, त्याबरोबर मागचं चाकही. हे एवढं आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जयंती नुकतीच झाली होती. गल्लीत निळ्या पताका अजून होत्या, त्यांचे रंग उन्हानं उडायला लागले होते. अण्णा लासूर स्टेशनला आत्याकडं गेले होते आणि दुपारी परत निघाले. रस्त्यात, सरळ सपाट रस्त्यावर, इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक अडकलं. चाक सुटायला क्लच दाबायला हवा होता. अण्णा नंतर म्हणायचे, "हात गेला व्हता. बोटं वळंस्तोवर पडलो." गाडी त्यांच्या पायावर पडली. नडगीचं हाड मोडलं.

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात मी पोचले तेव्हा दादा आधीच पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पाण्याची बाटली. अण्णांनी डोळे उघडले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते थेट त्याच्याकडं बघून बोलले.

"तेल नव्हतं त्याच्यात."

दादा हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"मी टाकतो तेवढंच. हा पेट्रोल भरतो ते कोरं. माझं एकट्याचं किती पुरल?"

शेजारच्या पलंगावरच्या माणसानं मान हलवली. आत्याबरोबर आलेल्या तिच्या दिरानंही हलवली. इंजिन जाम झालं म्हणजे तेल नव्हतं, आणि तेल नव्हतं म्हणजे कोणीतरी टाकलं नव्हतं. एवढं सरळ होतं ते. दादानं पाण्याची बाटली खिडकीत ठेवली आणि बाहेर गेला. मी त्याच्या मागं जायला हवं होतं की अण्णांपाशी थांबायला, मला ठरवता आलं नाही. मी दाराच्या मधोमध उभी राहिले आणि नर्स म्हणाली, "ताई, रस्ता सोडा."

त्या रात्री दादा आईला म्हणाला, "चाकणला मित्र बोलावतोय. मी जातो." आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "गाडी दुरुस्त करून देतो, मग जातो," तो म्हणाला. "नाहीतर म्हणतील, मोडून पळाला."

अण्णा घरी आले, पाय उशीवर ठेवून पुढच्या खोलीत पडले. माझा पहिला पेपर जवळ आला होता. मी त्यांच्या पलंगाजवळ बसून वाचायचे, कारण कूलर तिथंच होता. ज्या दिवशी दादानं गाडी टेम्पोत चढवली, त्या दिवशी अण्णांनी मला जवळ बोलावलं. "अशे," ते म्हणाले. माझं नाव अश्विनी. "तू जाय संगं. मिस्त्री काय म्हनतो ते नीट ऐक. अन् मला येऊन सांग."

म्हणजे मी साक्षीदार. मला ते नको होतं. पण नाही म्हणणंही जमलं नाही.

शहागंजच्या मागच्या बाजूला सलीमचाचांचं गॅरेज आहे. अशा गाड्या आता शहरात फार जण उघडत नाहीत, म्हणून चाचांचा आवाज चढा आणि मान ताठ. मिशा मेंदीनं लाल. गाडीकडं नुसतं बघून त्यांनी निकाल दिला.

"तेल नहीं डाला. सुखा पेट्रोल भर के उडाया. लिख के देता मैं."

दादा खाली बघत राहिला. मला वाटलं, झालं. हेच घरी जाऊन सांगायचं.

चाचांनी किकवर पाय दिला, किक हलली नाही. मग त्यांनी प्लग काढला. तो उजेडाकडं धरला आणि गप्प झाले. त्यांच्यासारखा माणूस गप्प झाला की आपोआप आपण पुढं सरकतो. प्लग काळाकुट्ट होता आणि ओला. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, अंगठा चिकट काळा झाला.

"सुखा रहता तो ये ऐसा गीला कायकू रहता?" ते स्वतःशीच म्हणाले.

मग सायलेन्सर काढला. धूर बाहेर पडायचं जे तोंड असतं, ते काजळीच्या जाड थरानं अर्ध्याच्या वर बुजलं होतं. चाचांनी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तेव्हा करपलेल्या भाकरीसारखे तुकडे पडले. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून, थोडं थांबून, लाकडाच्या ठोकळ्यानं हलके ठोके देत त्यांनी सिलिंडर वर ओढला. पिस्टन बाहेर आला.

मी पहिल्यांदाच पिस्टन बघत होते. वाटीएवढा, उपडा. वरून काळ्या थरानं झाकलेला. त्याच्या कडेनं एक पातळ रिंग असते. ती दाबली तर आत जाऊन परत बाहेर यायला हवी. चाचांनी दाबली. हलली नाही. काजळीत रुतून बसली होती.

"ये देख बेटा." त्यांनी पिस्टन माझ्याकडं वळवला, दादाकडं नाही. का कोण जाणे. मी वही-पेन घेऊन आलेली दिसत होते म्हणून असेल. सायलेन्सरच्या बाजूला, रिंगच्या खाली, तपकिरी जिभा उतरल्या होत्या, आणि त्या जिभांच्या खाली उभे ओरखडे. पिस्टन फिरवला तर मागची बाजू अजून चकचकीत.

चाचांनी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली ओतला. त्यात मेलेले पिस्टन होते. एकाच्या डोक्याला भोक पडलेलं. एकाला चारी कोपऱ्यांवर खुणा, "ये थंडी गाडी उठाके सीधा भगायेला." आणि एक सगळीकडून सारखा ओरबाडलेला, कोरडा, करडा. "ये बिना तेल का. चारो तरफ से छिल जाता." त्यांनी तो आमच्या पिस्टनशेजारी ठेवला. दोन्हींत काही साम्य नव्हतं.

"इसकू तेल कम नहीं पडा," चाचा म्हणाले. "तेल ज्यादा हुआ. महिनों से. जला नहीं, काजल बन गया. रिंग चिपक गई. रिंग चिपकी तो आग बाजू से नीचे उतरी, वहां का तेल जला दी, पिस्टन पकड लिया." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मैं जो पहले बोला वो वापस लिया. लिख के तो नहीं दिया ना?"

मी हसले, आणि हसल्याची लाज वाटली.

"कितना डालते तुम लोग?"

दादानं हत्यारांच्या पिशवीतून एक छोटी बाटली काढली. टू-स्ट्रोकच्या तेलाची, अर्धी झालेली. मला ती ठाऊक नव्हती. "दोन झाकणं," तो म्हणाला. "दर दिवशी. गाडी घेतली की आधी."

"पेट्रोल भरलं नाही तरी?" मी विचारलं.

"अण्णा तेल वाचवतात असं वाटायचं. आपली ती सवय आहे ना, सगळंच पुरवून वापरायची." तो अजूनही प्लगकडं बघत होता. "म्हटलं, पहाटेचं लांब जातात. रस्त्यात जाम झाली तर."

मी उठले आणि गाडीच्या बाजूच्या डब्याचं झाकण काढलं. फडक्यात गुंडाळलेली अण्णांची बाटली तिथं होती. तिच्यातलं तेलही खाली गेलेलं. म्हणजे अण्णाही पेट्रोल भरलं की आपलं टाकायचे आणि वर पोराच्या वाटणीचं टाकायचे. मी ती दादाच्या बाटलीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच दुकानातल्या असाव्यात.

चाचांनी एकदा बाटल्यांकडं, एकदा आमच्याकडं बघितलं. "एक घर में रहते ना रे तुम?"



आमच्या पुस्तकात अपूर्ण ज्वलनाचं समीकरण होतं. हवा कमी पडली की इंधन पुरतं जळत नाही, काजळी मागं राहते. त्या वर्षी पेपरात ते आलंही. मी ते लिहिलं आणि मग बराच वेळ पेन हातात धरून बसून राहिले. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळत होत्या. पुरवणी मागायची वेळ निघून गेली तरी माझं लक्ष माझ्या नखांकडं होतं. कडेनं अजून काळं होतं, साबणानं न गेलेलं.

चाचा म्हणाले, सिलिंडर आतून घासून बोअर करावा लागेल, नवा पिस्टन लागेल, आठवडाभरानं या. जुना त्यांनी डब्यात टाकायला उचलला. मी म्हटलं, "चाचा, हा मी नेऊ का?" त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "अशे, सांगू नको."

"त्यांनी मला त्यासाठीच पाठवलंय."

"मग सांग, मिस्त्री म्हणाला तेल नव्हतं. आधी तसंच म्हणाला ना तो? खोटं कुठंय?" तो फळांच्या गाड्यांच्या मधून भराभर चालत होता. "तू हे सांगशील तर त्यांना वाटेल, मी उलटं त्यांच्यावरच ढकललं. आता पाय मोडून पडलेत. राहू दे. मी चाललोच आहे."

"कधी?"

त्यानं हत्यारांच्या पिशवीखालची दुसरी पिशवी मला दाखवली. कपडे होते. सकाळी घरातून निघतानाच त्यानं ती घेतली होती. तो तिथूनच रिक्षानं स्टँडवर गेला. मला रिक्षात बसवायला थांबला सुद्धा नाही, आणि थांबला असता तर मला रडू आलं असतं, हे त्याला माहीत असावं.

घरी येईपर्यंत मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघितली. दोन्ही जड होती. एक सांगितलं तर दादा गुन्हेगार म्हणून जाणार. दुसरं सांगितलं तर अण्णांना पाय मोडून पडल्या जागी कळणार की आपण त्याला दवाखान्यात चार लोकांसमोर जे बोललो ते चूक होतं. शेवटी मी काहीच बोलले नाही. वर्तमानपत्र सोडून पिस्टन त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी तो उजेडात फिरवला. रिंगवर अंगठा दाबला. काळ्या थरावर नख ओढलं. चाचांनी केलं तेच सगळं, फक्त हळू.

"हे तर तेल हाय," ते म्हणाले. "जळून बसलेलं." परत एकदा रिंग दाबून बघितली. "त्यो पन टाकत व्हता?"

"व्हय. दोन झाकणं. रोज."

आई दारात येऊन उभी राहिली होती. अण्णा म्हणाले, "फोन लाव."

मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला, कारण त्यांनी पिस्टन हातातून सोडला नव्हता. पलीकडून स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता, गाड्या लागल्याचं सांगणारा भोंगा. दादा "हॅलो अशे" म्हणाला. अण्णांनी पिस्टन उलटा केला. मग म्हणाले, "रोज टाकत व्हतास?"

पलीकडं परत भोंगा वाजला. मग "हो."

"मी पन."

मला वाटलं, आता पुढं काहीतरी येईल. जे दोन वर्षं आईच्या "हं" मध्ये अडकलं होतं ते. अण्णांचे ओठ हलले. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "मग आता कोनी टाकायचं?"

"तुम्ही टाका, अण्णा," दादा म्हणाला. रागानं नाही. मला वाटतं, थकून. मग त्याची गाडी लागली आणि तो गेला.

कधी कधी मी विचार करते, ते दोघं एकमेकांची काळजी करत होते, हे कळल्यानं काय झालं? दादा तरी गेलाच. अण्णांच्या चालीत थोडा लंगडेपणा राहिलाच. काळजी होती हे खरं, पण तिच्या आत दुसरा टाकत नसेल ही खात्रीही होती, आणि ती खात्री काजळीसारखी बसत गेली. यातलं कुठलं किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. मी आता रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. वेगळं करणं हाच तर माझा विषय.

दादा त्यानंतर सणावाराला येतो. बोलतात दोघं. पगार, ऊन, पाण्याचा दिवस. गाडीला मात्र तो हात लावत नाही. किल्ली फ्रिजवर असली तरी रिक्षानं जातो.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी तो येणार होता. सकाळी अण्णा स्वतः पंपावर जाऊन आले, रिकामी गाडी ढकलत नेऊन, परतही ढकलतच आणून. टाकी भरली होती. मला लायब्ररीत जायचं होतं, मी किल्ली उचलली.

"गाडी ठिव," अण्णा म्हणाले. "कोरं पेट्रोल हाय. तेल टाकायचं राहिलंय."

"मी टाकते की."

"नको. त्यो येतोय न्हवं."

ते ड्रमांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. उन्हात. सीटवर तेलाची बाटली ठेवलेली. आईनं दोनदा आत बोलावलं, गेले नाहीत. मी किल्ली परत फ्रिजवर ठेवली आणि पुस्तक उघडून दारात बसले, एक ओळ पुढं सरकली नाही. मला भीती होती ती वेगळीच. ज्यानं "तुम्ही टाका" म्हणून सोडून दिलं, तो तेलाचं कशाला विचारेल? आणि न विचारता घेऊन गेला तर?

दुपारी गेट वाजलं. दादा आला, पिशवी ठेवली, पाणी प्यायला. आई म्हणाली, कोपऱ्यावरून दही आण. का कोण जाणे, आज त्यानं फ्रिजवरची किल्ली घेतली. बाहेर आला, किल्ली लावली.

अण्णा खुर्चीवरून उठले. "अमोल," ते म्हणाले, आणि घसा खाकरला.

"तेल नाय त्याच्यात."

जवळजवळ दवाखान्यातलेच शब्द. दादाचा हात किल्लीवर थांबला. त्याचा चेहरा कडक होताना मला दिसला, आणि मी जागेवरून अर्धी उठले. मग त्याची नजर सीटवरच्या बाटलीवर गेली. तिथून अण्णांवर. अण्णा तसेच उभे, दुखऱ्या पायावर भार न देता.

दादानं टाकीचं झाकण फिरवून काढलं. आत वाकून बघितलं, वास घेतला. बाटली उचलली.

"किती?" त्यानं विचारलं.

 खुर्चीची पाठ धरून अण्णा टाकीपर्यंत आले आणि त्याच्याबरोबर आत वाकून बघायला लागले.